पाण्यानं अडलेला भाऊ

बिदर, १२ जानेवारी १९५४

चि. गुरुबाई हीस अनेक आशीर्वाद.

दिवाळीपासून तुला एक ओळ लिहिली नाही, याची क्षमा कर. शाळेच्या परीक्षा होत्या, तुझ्या वहिनीचे गुडघे धरले होते, अशी कारणं मनात जुळवून ठेवली होती. लिहायला बसलो तेव्हा ती कागदावर उतरेनात. खरं कारण असं की टपालाचं पत्र तुझ्या आधी तुझा दीर फोडतो आणि ओसरीवर बसून सगळ्यांना वाचून दाखवतो. धोंडप्पाला ऐकवण्याजोगं लिहायचं म्हणजे पाऊसपाणी आणि ज्वारीचा भाव. हे पत्र तुमच्या गावच्या तानुबाईच्या लोण्याच्या गाडग्याखालून येईल. ती बिदरच्या बाजाराला येते तोवर आपल्याला मनातलं लिहायची सोय आहे. वाचून चुलीत घाल.

बातमी अशी. माझा कॉलेजातला सोबती उद्धवराव तुला आठवत असेल. हैदराबादेत आम्ही एका खोलीत राहायचो. एका उन्हाळ्यात तो आपल्याकडे आला होता, आणि तू पहाटे दळायला बसलीस की दाराआड उभा राहून ऐकायचा. आईने त्याला चोर समजून हटकलं होतं. तो आता पुण्यात बोलपटांना संगीत देतो. त्याचा ‘शेंदरी झोका’ नावाचा बोलपट या महिन्यात लागतो आहे. त्यात माणसं बोलतात थोडं, गातात फार. पंचमीचंही एक गाणं आहे म्हणे. कधी कानावर पडलं तर आपल्याकडच्या वळणाचं वाटेल.

अमृतप्पा गेल्यापासून तू बिदरची वेस पाहिली नाहीस. यंदा पंचमीला तरी धोंडप्पाने तुला पाठवावं. त्याच्याकडून ‘पाठवतो’ असा निरोप आला की मी निघालोच समज. बोलावल्याशिवाय जाणं बरं दिसत नाही, म्हणून थांबतो.

तुझा
जगदेवअण्णा

*

पुणे, ९ फेब्रुवारी १९५४

मास्तर,

बोलपट लागला, आणि पडला नाही. एवढं आधी सांगतो, म्हणजे पुढचं तू सुखाने वाचशील.

टीकाकारांनी मात्र आम्हाला सोललं. एकाने लिहिलं, नायिका इतक्या वेळा झोक्यावर चढते की प्रेक्षकाला भोवळ यावी. दुसरा म्हणतो, यातले संवाद म्हणजे दोन गाण्यांच्या मध्ये श्वास घ्यायला ठेवलेली जागा. दिग्दर्शक दोन दिवस जेवला नाही. मी जेवलो, कारण सगळ्यांनी एक गाणं उचललं आहे, आणि ते तू पाठवलेलं. सतरा गाण्यांत सोळा माझी, आणि नाव झालं सतराव्याचं!

*चिंताकीच्या माळावर झोका बाभळीच्या फांदीला,*
*दीर लावितो कुलूप माझ्या माहेरच्या वाटेला.*
*पंचमीच्या गं दिवशी वाट पाहते उभ्यानं,*
*भाऊराया माझा कसा अडला पाण्यानं.*

मी वाद्यं सगळी काढून टाकली. फक्त जात्याची घरघर ठेवली. इथले एक मोठे टीकाकार लिहितात, ‘गावाला नाव आहे, भावाला नाव नाही, म्हणून तो ऐकणाऱ्या प्रत्येकीचा भाऊ होतो. हा संगीतकाराचा संयम.’ माझा कसला संयम! तुझ्या कागदावर ‘भाऊराया’च्या खाली एक शब्द खोडलेला होता, इतका गिरवून की कागद फाटला होता. मला वाचता आला नाही, इतकंच.

मुंबईचा एकजण खवट निघाला. विचारतो, हे गाणं कुणा जात्यावरच्या बाईचं आहे हे उघड आहे, मग तिचं नाव कुठे? तो माणूस मला आवडला. थेटरात विकायच्या गाण्यांच्या चोपडीची दुसरी छपाई पुढल्या महिन्यात आहे. तुझ्या बहिणीचं पूर्ण नाव कळव, छापतो. आणि हैदराबादच्या तुझ्या साप्ताहिकात लिही. शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझा
उद्धव

*

बिदर, १७ फेब्रुवारी १९५४

प्रिय उद्धव,

अभिनंदन. नाव छापू नकोस.

कारण सांगतो. त्या दोन ओव्या तिने चार वर्षांपूर्वी पत्रात लिहिल्या होत्या. तू पंचमीची गाणी मागितलीस तेव्हा मी त्या तिला न विचारता उतरवून दिल्या. चिंताकी हे तिचं सासर, औराद तालुक्यात. नवरा अमृतप्पा साडेपाच वर्षांपूर्वी गेला. जमिनीच्या एका हिश्शावर तिचं नाव आहे, म्हणून दीर तिला गावाबाहेर सोडत नाही; माहेरी गेली तर हिस्सा मागेल अशी त्याला भीती. अशा घरात हे गाणं तिचं आहे असं छापून आलं तर तिचं काय होईल, मला सांगता येत नाही. गावाचं नाव तरी मी बदलायला हवं होतं. ते का सुचलं नाही, याचा विचार करतो आहे.

खोडलेल्या शब्दाबद्दल विचारू नकोस.

जगदेव

*

बिदर, २४ मार्च १९५४ (टपालाने)

रा. रा. धोंडप्पा यांस जगदेवप्पाचा शरणार्थी नमस्कार. इकडील सर्व क्षेम.

औरादच्या जत्रेत तंबूमध्ये ‘शेंदरी झोका’ हा बोलपट दाखवल्याचं कळलं. त्यातल्या एका गाण्यात आपल्या गावाचं नाव येतं. त्यावरून कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून हैदराबादच्या साप्ताहिकात आलेल्या माझ्या लेखाचं कात्रण सोबत पाठवत आहे. खूण केलेला मजकूर घरात वाचून दाखवावा :

‘या गाण्यातली चिंताकी नकाशावरच्या गावाशी जुळली तर तो योगायोग समजावा. हा दीर, ही बहीण, हा पाण्याने अडलेला भाऊ, सारी संगीतकाराच्या कल्पनेतली माणसं आहेत. अशी बाई कुठे नाही. म्हणूनच ती सगळीकडे आहे, हे या गाण्याचं यश.’

चि. गुरुबाईस आशीर्वाद सांगावा. पंचमीचं काय ते कळवावं.

आपला
जगदेवप्पा

*

चिंताकी, १ एप्रिल १९५४

मेहेरबान जगदेवप्पा मास्तर यांसी धोंडप्पाचा शरणार्थी.

आपला अखबार पोचला. दिल खूश झाला. आपण इज्जतदार माणूस, वक्तावर धावून आलात.

घडलेली हकीकत आपणास ठाऊक नसावी. जत्रेतून लोक आले ते हसत आले. मी चावडीवर गेलो की कोणी तरी कुलपाचं गाणं गुणगुणायचा. शरणप्पा पाटील मला म्हणाला, ‘धोंडप्पा, तू तर शिनेमात गेलास की रे! चावी घिऊन गेलास का हितंच ठिवलास?’ मी घरी येऊन वहिनीस विचारले, हे काय आहे? त्यांनी शेजारपाजारच्या दहा बायकांसमोर बेधडक सांगितले, गाणं माझंच हाय. बायका तर त्यांच्या पाया पडू लागल्या. पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. रोज दुपारी आमच्या जात्याभोवती जत्रा.

आपलं कात्रण आलं त्या दिवशी मी त्याच बायकांना बोलावून खुलासेवार वाचून दाखवलं. म्हटलं, ऐका, हे त्यांचे सख्खे भाऊ, शिकलेले, छापून लिहितात की अशी बाई कुठं नाही. आता खरं कोण बोलतंय? बायका उठून गेल्या. जातं मी काढून गोठ्यामागं ठेवलं आहे. पीठ औरादच्या गिरणीतून आणतो. पीठ बारीक येतं.

पंचमीबाबत माझी ना नाही. वहिनींनी पाच पंचांसमोर ‘ते गाणं माझं नव्हे’ एवढं म्हणावं. आपण लिहिलंच आहे; त्यांनी फक्त होकार भरायचा.

आपला ताबेदार
धोंडप्पा

*

चिंताकी, २१ मार्च
(पोचलं ६ एप्रिलला. तानुबाई तापाने पडली होती. – ज.)

अण्णास शरणार्थी.

अण्णा, अक्षर गोड मानून घी. तानुबाई जत्रंतून आली आन् दारातच बसली. मनली, ‘गुरुबाई, तुजं गाणं पडद्यावर म्हनायलेत. बाई गोरी हाय, नथ घातलीय, पन गाणं तुजंच.’ मी मनले, खुळी का काय. तर तिनं सगळं म्हनून दावलं. जात्याचा आवाज बी हाय मनली.

आधी भ्याले. मंग काय झालं ठाव न्हाई, भ्याव गेलं. धोंडप्पानं इचारलं, मी सांगितलं माझं हाय. साडेपाच वर्षांत ह्या घरात मी मोट्यानं बोललेलं ते पयलं. बायका यायल्यात, बसायल्यात, त्यांची त्यांची गाणी सांगायल्यात. लक्ष्मम्मा तर सत्तर वर्षांची हाय, तिनं तिच्या सासूवरचं म्हनलं आन् हासून हासून खोकली.

तूच दिलास ना गाणं? रागावले न्हाई. इचारला असतास तर दिलंच असतं.

एकच इचारते. माझ्या गाण्यात ‘जगदेव माझा भाऊ’ असं हुतं. तानुबाई म्हनती तितं जगदेव न्हाई, भाऊराया हाय. गाव ऱ्हायलं, दीर ऱ्हायला, जगदेव कुटं गेला? कुनी काढला?

तू पेपरात लिव्हतोस, तर लिव्ह की हे गाणं चिंताकीच्या गुरुबाईचं. धोंडप्पा छापलेल्याला लई भितो.

गुरुबाई

*

बिदर, ८ एप्रिल १९५४

चि. गुरुबाईस आशीर्वाद.

तुझं पत्र मला परवा मिळालं. माझा लेख त्याच्या पंधरा दिवस आधी छापला गेला होता. हा दैवाचा खेळ आहे असं म्हणून मी सुटू शकलो असतो, पण लेख दैवाने लिहिला नाही.

मी तुझ्या भल्यासाठी लिहिलं. धोंडप्पा चिडेल, तुला कोंडेल, या भीतीने लिहिलं. ती बाई नाहीच म्हटलं की तिला कुणी हात लावणार नाही, असा माझा हिशेब होता. तू आधीच उभी राहून बोलली आहेस, हे मला कुठून कळणार?

आज संपादकांकडे खुलासा पाठवत आहे. उद्धवलाही लिहितो, चोपडीत तुझं नाव घाल म्हणून. सगळं ठीक होईल.

जगदेवअण्णा

*

चिंताकी, २० जुलै १९५४

अण्णास शरणार्थी.

तीन म्हयने लिव्हलं न्हाई. कामून लिव्हायचं? तुजा खुलासा आला न्हाई. धोंडप्पा दर आठवड्याला पेपर उघडतो, वाचतो, माझ्याकडं बघून घडी करतो.

बायका येत न्हाईत आता. खोटारडी म्हनत न्हाईत तोंडावर, पन येत न्हाईत. एकली लक्ष्मम्मा आली हुती. मनली, ‘भावानं न्हाई म्हनलं तर बाईनं काय करावं गं?’ मी काय सांगू?

जातं गोठ्यामागं पालथं पडलंय. त्याच्यावर कोंबड्या बसायल्यात. हात रिकामं झालं की गाणं गळ्यात येतं, आन् तितंच ऱ्हातं. आदी ह्या घरात मला कोंडलं हुतं, मी सोताला नव्हतं कोंडलं. आता तेबी झालं.

तू लिव्हलास, तुज्या भल्यासाठी. अण्णा, माझ्या भल्यासाठी लिव्हायचं असतं तर चिंताकी खोडला असतास, दीर खोडला असतास. तू फकस्त जगदेव खोडलास.

आता एक सांगते, सहा वर्षं सांगितलं न्हाई. हे गेले त्या सरावणात तू आला न्हाईस. नंतर लिव्हलास की जनवाड्यापतूर आलो हुतो, मांजरा नदीला पाणी हुतं, मनून माघारी गेलो. तानुबाईचं माहेर जनवाड्याचं. त्या पंचमीला ती तितंच हुती. म्हनती, पाऊस नव्हता, घोट्याएवडं पाणी, बकरी पार व्हायली हुती.

मला ठाव हुतं. तरी गाण्यात पाणी ठिवलं. भाऊ भ्याला असं जात्यावर म्हनता येत न्हाई.

धोंडप्पा म्हनतो पाच पंचांम्होरं न्हाई मन, मंग माहेरी जा. मी न्हाई म्हननार न्हाई. म्हातारी होईस्तोवर हितं बसंन.

तू दर साली निरोपाची वाट बघतोस. ह्या घरातून निरोप येत नसतो, भाऊ येत असतो. पंचमीच्या आदल्या दिवशी भाऊ गाडी घिऊन दारात हुबा ऱ्हायला, तर त्याला रिकामं धाडता येत न्हाई; धोंडप्पा सुदीक धाडू शकत न्हाई, सगळं गाव थुकंल. एवडी रीत तुला ठाव न्हाई? का ठाव हाय?

ये. अंगनात हुबा ऱ्हा, बायकांना बोलीव, आन् सांग : गाणं गुरुबाईचं, आन् त्यातला भाऊ मी जगदेव. मंग गाडीत बसते. न्हाई सांगितलास, तर गाडी रिकामी न्हे. तुज्या लेखातली बाई घिऊन जा.

गुरुबाई

*

बिदर, १ ऑगस्ट १९५४

चि. गुरुबाई,

तानुबाई पंचमीनंतरच येणार, म्हणजे हे पत्र न्यायला कुणी नाही. तरी लिहितो.

आधी बाहेरचं. संपादकांनी खुलासा छापला नाही. त्यांचं म्हणणं, बोलपट थेटरातून उतरला, आता त्यातल्या एका गाण्यावर जागा कोण घालवणार? उद्धवने लिहिलं की चोपडीची दुसरी छपाई एप्रिलच्या आधीच झाली. तिसरी होणार नाही. तो लिहितो, ‘मास्तर, फेब्रुवारीत तू एक ओळ लिहिली असतीस तर दोन हजार प्रतींवर तिचं नाव असतं.’ माझं ते नाकारणारं पत्र त्याने जपून ठेवलं आहे. मलाही ते पाठ आहे.

आता आतलं. मी जनवाड्याला गेलोच नव्हतो, गुरू. त्या श्रावणात रझाकारांची दहशत होती, रस्त्यावर माणसं लुटली जात होती, हे खरं. पण इतरांचे भाऊ तरीही बहिणींकडे गेले. मी तुझ्या वहिनीला घेऊन सोलापूरला सासऱ्याच्या घरी गेलो आणि पंचमीला तिथल्या ओसरीवर पुरणाचं जेवलो. अमृतप्पा गेल्याचं मला नऊ दिवसांनी कळलं. परत आल्यावर कार्तिकात मी तुला नदीची गोष्ट लिहिली. तू ती गाण्यात घातलीस. ते गाणं पत्रातून माझ्याकडे आलं तेव्हा माझं खोटं तुझ्या चालीत ऐकून मला रडू आलं, आणि ते रडू गाण्याच्या सौंदर्यामुळे आलं अशी मी स्वतःची समजूत घातली.

उद्धवसाठी उतरवताना ‘जगदेव’ खोडला. पुण्याच्या टीकाकाराने त्याला संयम म्हटलं. ते वाचून मला क्षणभर बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो. आणि लेख लिहिताना मी आधी ‘हा पाण्याने अडलेला भाऊ’ हे शब्द लिहिले, मग बहीण, मग दीर, आणि छापायला देताना क्रम फिरवला. आधी कुणाला पुसायचं होतं ते माझ्या हाताला माहीत होतं.

रीत मला ठाऊक होती. निरोपाशिवाय जाणं बरं दिसत नाही, हे मी माझ्यासाठी शोधून काढलेलं सौजन्य.

आज मोटारीच्या अड्ड्यावर गेलो. औरादची मोटार कधी, म्हणून विचारलं. क्लीनर म्हणाला, ‘नदी भरायलीय मास्तर. मोटार जनवाड्यापतूर जाईल, म्होरं काय भरवसा न्हाई.’ दर वर्षी हे वाक्य मी अड्ड्यावरून घरी घेऊन येत असे, आणि जेवताना तुझ्या वहिनीला सांगत असे. आज सांगितलं तर बसव्वा भाकरी तव्यावर टाकून वळली. म्हणाली, ‘पाणी बघायचं तर नदीवर बघा की. अड्ड्यावर काय बघता? तिथं चहा मिळतो.’ मग भाकरी उलटून म्हणाली, ‘मलाही त्या वर्षी कळत होतं. मीबी गप्पच बसले.’

जनवाड्यापलीकडे नाव चालते, असं तीच म्हणाली. नावाडी बंडेप्पा. पलीकडे संतपूरला गाडी मिळते. तिला हे सगळं ठाऊक होतं. मी विचारलं नव्हतं.

मला भीती वाटते आहे. धोंडप्पाची थोडी. जास्त त्या दहा बायकांची. मी वर्गात पंचवीस वर्षं उभा राहून बोलतो, पण अंगणात उभं राहून ‘मी खोटं छापलं’ असं म्हणायचं, तर पहिला शब्द कोणता असावा हे मला अजून सुचलेलं नाही. तीन कागद त्यासाठी फाडले. तिन्हींची सुरुवात चांगली होती, म्हणूनच फाडले. कदाचित तू गाडीत बसणार नाहीस. मी बोलल्यावर धोंडप्पा दोघांनाही दार लावील. ते झालं तर अंगणाबाहेर बसेन.

हे पत्र खिशात घालून मीच आणतो. आधी तुला वाचायला देईन, मग बोलेन. नाही, आधी बोलेन.

कामाच्या वहीत उद्याचं एकच काम टिपून ठेवलं आहे. आधी ‘नदीला पाणी किती ते पाहणे’ असं लिहिलं होतं. ते खोडलं, वाचता येईल असं, एका रेघेने. खाली लिहिलं :

उद्या – मांजरा ओलांडणे.